रिकाम्या हाताचे शून्य

पुनर्स्थापना पूर्ण झाल्यावर सुहास करडे यांच्या कृत्रिम डाव्या हाताला बोटांच्या टोकांत धरलेला कागद जाणवत होता, चार किलोच्या घंगाळाची कड जाणवत होती. तळव्यावर ठेवलेला त्यांच्या पत्नीचा हात जाणवत नव्हता.

पुनर्स्थापनेचा तो चौथा दिवस होता. त्या सकाळी वृंदाताई करडे जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्यांवरून घसरल्या होत्या. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्याला सहा वर्षे झाली. तेव्हापासून घरात एक वाटणी ठरलेली होती: सुहासरावांचा उजवा हात पिशवी, किल्ली आणि कठड्यासाठी, डावा वृंदाताईंसाठी. त्या आपला हात त्यांच्या तळव्यावर ठेवत, आणि तळव्यावर काही आले की बोटे अलगद मिटावीत, ही त्या कृत्रिम हाताची जुनी सवय. त्या सकाळी बोटे मिटली नाहीत. वृंदाताईंचे मनगट मुरगळले, हाड वाचले.

मी कृत्रिम अवयव केंद्रात पुनर्स्थापना अभियंता आहे. अवयवातला जळालेला संगणक बदलणे आणि जुन्या संगणकाची साठवलेली इमेज नव्यावर उतरवणे, हे माझे काम. तोपर्यंत मी तीनशेहून अधिक अवयव परत उभे केले होते. त्यांपैकी एकानेही समोरचा माणूस पाहून जाणवायचे की नाही हे ठरवले नव्हते.

इमेज म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. साधा बॅकअप निवडक फायली जपतो. घर बदलताना भांडी आणि कपडे बांधून न्यावेत तसा. इमेज बॅकअप घरच उचलतो: भिंती, भिंतींतले खिळे, खिळ्यांना अडकवलेल्या वस्तू आणि कोपऱ्यातला केरसुद्धा. हाताच्या बाबतीत हे आवश्यक असते, कारण हाताचे शहाणपण कोणत्याही एका फाइलमध्ये नसते. दंडातल्या मज्जातंतूंवर बसवलेली विद्युत्-अग्रे मेंदूकडून येणारे संकेत वाचतात. हाताच्या त्वचेतले अकराशे संवेदक दाबाचे आकडे उलट मज्जातंतूंकडे पाठवतात. कोणत्या संकेताचा अर्थ कोणती हालचाल, हे हात आणि माणूस मिळून, चुकत चुकत, वर्षानुवर्षे शिकतात. पहिल्या महिन्यात भाकरीचा तुकडाही मोडता येत नाही.

करडे तांबट आहेत. घंगाळाला मठार घालताना, म्हणजे हातोडीच्या ठशांच्या ओळी उमटवताना, उजवा हात ठोके देतो आणि डावा हात भांडे ऐरणीवर फिरवतो. दोन ठोक्यांमध्ये ते किती फिरवायचे हे भांड्याच्या घेरावर, पत्र्याच्या जाडीवर आणि आधीच्या ठोक्याच्या आवाजावर ठरते. अकरा वर्षांपूर्वी पत्रा दाबायच्या यंत्रात त्यांचा डावा हात गेला, आणि अकरा वर्षांत नव्या हाताने हे सारे शिकून घेतले. यंदा मार्चमध्ये, तापवलेला पत्रा विझवण्याच्या हौदात हात गेल्याने मनगटात पाणी शिरून संगणक जळाला. त्वचा, संवेदक, मोटरी शाबूत होत्या. मी फक्त संगणक बदलला आणि गेल्या ऑक्टोबरमधली इमेज त्यावर उतरवली. पडताळा पूर्ण जुळला. एक बिटही इकडचे तिकडे झाले नव्हते.

पुनर्स्थापित हात एकवीस दिवस निरीक्षणाखाली असतो. या काळात त्याचे शिकणे बंद ठेवतात आणि त्यातला कोणताही आकडा बदलू देत नाहीत, कारण बदलत्या वस्तूची मूळ प्रतीशी तुलना करता येत नाही. एकविसाव्या दिवशी दोनच वाटा उरतात: इमेज मान्य करून शिकणे पुन्हा सुरू करणे, किंवा सर्व पुसून कारखान्याची कोरी प्रणाली घालणे. सदोष इमेज मान्य करायला मनाई आहे. दोषावर शिक्षणाचा थर चढला की माणसाच्या मज्जातंतूंनाही ते वळण लागते. अपवाद एकच. दोषाचे कारण सापडले आणि ते लेखी नोंदवले, तर तेवढाच आकडा दुरुस्त करायची परवानगी मिळते.

पाचव्या दिवशी मी तांबट आळीत गेले. तिथे घराचा क्रमांक शोधावा लागत नाही. आवाजावरून जाता येते. तळमजल्यावर कारखाना, वर राहते घर. करडे ऐरणीपाशी बसले होते आणि वृंदाताई दाराजवळ पाटावर बसून एका कळशीला चिंच चोळत होत्या. त्यांच्या उजव्या मनगटाला पट्टी होती, म्हणून डाव्या हाताने.

"या, बिडकर मॅडम. काम बघताय की हात?" करड्यांनी विचारले.

"दोन्ही."

त्यांनी घंगाळ फिरवायला सुरुवात केली. मी कोन मोजले. दर ठोक्याला साडेतीन अंश. ऑक्टोबरमधल्या नोंदींशी फरक एक दशांश अंशाचा.

"काम चोख आहे," मी म्हटले.

"कामाचं काय विचारता! घंगाळ धरतोय, ठोके झेलतोय. बायकोला तेवढं ओळखत नाही."

"तीस वर्षांनी सगळेच नवरे तेच करतात," वृंदाताई चिंच चोळता चोळता म्हणाल्या. "ह्यांनी यंत्राकडून करवून घेतलं, एवढंच."

"ऐका! आणि तसं बघितलं तर मॅडम, हा अधूनमधून सुन्न असतोच. दसरा झाला की दोन-तीन दिवस असाच आळसावलेला असतो. सुट्टी मिळते ना त्याला."

मी ते ऐकले. वहीत लिहिले नाही. यंत्राला आळस येत नाही, आणि सणवार हे यांत्रिक दोषाचे लक्षण नव्हे, असे माझे मत होते. मताचा पहिला भाग मी अजून बदललेला नाही.

त्या संध्याकाळी मी अहवाल पाठवला. त्यात एक वाक्य असे होते: 'विशिष्ट व्यक्तीच्या स्पर्शाबाबत निवडक असंवेदना आढळते.' माझे वरिष्ठ टिपणीस यांनी तो वाचून फोन केला.

"शलाका, संवेदना शेवटी मेंदूत उमटते. मेंदूनेच नाकारली असेल तर? मानसोपचाराकडे पाठवायचं का?"

"आधी त्यांचा हात तपासून होऊ दे," मी म्हटले. वाक्य मात्र तसेच राहू दिले.

नियमानुसार अहवालाची प्रत घरीही जाते. नवव्या दिवशी वृंदाताईंचा फोन आला.

"शलाकाताई, तुमचा अहवाल मला मोबाइलनं वाचून दाखवला. त्यातल्या बाईचा आवाज फार गोड आहे हो. वाईट बातमीसुद्धा गोड सांगते. 'विशिष्ट व्यक्ती' म्हणजे मीच ना?"

मी पुन्हा आळीत गेले. या वेळी ठोक्यांचा आवाज नव्हता. करडे ऐरणीपाशी नुसतेच बसले होते. वृंदाताई दाराजवळ नव्हत्या. आतल्या भिंतीला टेकून, कोणाच्याही हाताला येणार नाहीत एवढ्या अंतरावर होत्या.

"तुम्हीच सांगा हिला," करडे म्हणाले. "मला जाणवत नाही याचा अर्थ मला नकोय असा होतो का? चार दिवस भिंत धरून चालतेय."

"मी कुठं म्हणते? अहवाल म्हणतो." वृंदाताईंनी आवाज चढवला नाही. "आंधळ्या बायकोला सहा वर्षं ओढतोय माणूस. कंटाळला असेल तर तोंडानं बोलायचा नाही, एवढं मी ओळखते ह्यांना. हात बोलला."

"बोलला म्हणे! हात आहे तो, पोपट नाही."

वृंदाताईंनी माझ्या दिशेने चेहरा वळवला.

"ताई, एक विचारू? तुमचा हात ठेवून बघितलात?"

मी बघितला नव्हता. एकाच व्यक्तीवर चाचणी घेऊन 'विशिष्ट व्यक्ती' असा निष्कर्ष काढता येत नाही; तुलनेला दुसरी व्यक्ती लागते. हे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रशिक्षणार्थींना पहिल्या आठवड्यात शिकवते.

करड्यांना डोळे मिटायला सांगून मी माझा हात त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवला. बोटे उघडीच राहिली.

"ठेवा की," ते म्हणाले.

"ठेवला आहे."

"ठेवलाय?" वृंदाताईंनी विचारले.

"ठेवला आहे. त्यांना जाणवत नाही."

वृंदाताई इतक्या मोठ्याने हसल्या की समोरच्या दुकानातला ठोका थांबला. "म्हणजे तुमचाही कंटाळा आला होय ह्यांना! दोन भेटींत!"

अहवालातले ते वाक्य मी त्याच दिवशी लेखी मागे घेतले आणि चूक माझी असल्याचे नोंदवले. वृंदाताईंनी ती नोंदही मोबाइलकडून वाचून घेतली. दोनदा, असे मला नंतर कळले.

आता प्रश्न माणसाचा राहिला नव्हता, जागेचा आणि वजनाचा होता. मी तळव्यावर एकेक ग्रॅमची वजने ठेवत नकाशा काढला. बधिर भाग वाटोळा होता: तळव्याचा मध्य आणि चार बोटांच्या मधल्या पेरांची आतली बाजू, मिळून अडतीस संवेदक. ते मेलेले नव्हते. प्रत्येकावर सुमारे पंधरा ग्रॅमपर्यंतचा दाब 'काही नाही' म्हणून सोडून दिला जात होता. त्यापुढचा दाब बिनचूक कळत होता. घंगाळाची कड दोन-चार संवेदकांवर जोरात रुतते, म्हणून ती कळे. माणसाचा हात आपले वजन साऱ्या तळव्यावर पसरतो. प्रत्येक संवेदकाच्या वाट्याला आठ-नऊ ग्रॅमच येतात.

"म्हणजे काटा शून्यावर नाही," मी करड्यांना समजावले. "तराजूत रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणला, की पुढे डब्याचं वजन धरलंच जात नाही, तसं."

"धडा केलाय म्हणा की," ते म्हणाले. भांडी वजनावर विकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. "कशाचा केलाय?"

तेच कळत नव्हते. हे शून्य हात स्वतः ठरवतो. तो दंडावरून काढून, चार्जरला जोडून, सहा तास न हलवता ठेवला की तो दोन कामे करतो: आधी सर्व संवेदकांचे शून्य नव्याने घेतो, मग स्वतःची संपूर्ण इमेज केंद्राकडे पाठवतो. प्रत्येक शून्य वीस ग्रॅमच्या मर्यादेत असेल तर ते योग्य मानले जाते. इथे प्रत्येक शून्य मर्यादेत होते. त्यांची बेरीज कोणी पाहत नाही. मीही पाहिली नव्हती. बेरीज पाचशे पंचाहत्तर ग्रॅम भरली.

"हात तुम्ही काढून कधी ठेवता?"

"कधीच नाही. रात्रीसुद्धा अंगावरच चार्ज करतो. हिला उठायचं असतं."

"सहा तास काढल्याशिवाय इमेज तयार होत नाही. तुमच्या शेवटच्या चार इमेज आमच्याकडे आहेत."

"अंघोळीला काढतो. पण सहा तास अंघोळ कोण करतं मॅडम?"

पुढच्या आठवड्यात मी उरलेल्या तीन जुन्या इमेज केंद्रातल्या दुसऱ्या संगणकावर एकामागून एक उतरवून पाहिल्या. तिन्हींत तोच वाटोळा डाग होता. बेरजा मात्र वेगळ्या: सर्वांत जुनीत सहाशे दहा ग्रॅम, मग पाचशे चाळीस, मग सहाशे पंच्याऐंशी, आणि शेवटी पाचशे पंचाहत्तर. संवेदक म्हातारे होत असते तर आकडा वर्षागणिक एका दिशेने सरकला असता. हा वर-खाली होत होता. इमेजच्या तारखा क्रमाने एकोणतीस सप्टेंबर, अठरा ऑक्टोबर, सात ऑक्टोबर आणि पंचवीस ऑक्टोबर. त्यांतली अंतरे मी काढली: तीनशे चौऱ्याऐंशी दिवस, तीनशे चोपन्न, तीनशे त्र्याऐंशी. हवामान, वीजपुरवठा, प्रणालीच्या सुधारणा, कारखान्याच्या सुट्ट्या, कशाशीही ती जुळेनात.

"कोरी प्रणाली घाल," टिपणीस म्हणाले. "दोन-तीन वर्षांत हात पुन्हा शिकेल."

"पहिल्या खेपेला घंगाळ जमायला चार वर्षं लागली होती. तेव्हा ते अठ्ठेचाळीसचे होते."

"मग कारण आण."

कारण नव्हते. विसाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी संमतिपत्र घेऊन आळीत गेले.

"पुसा," करडे म्हणाले. त्यांनी ठरवून ठेवले होते.

"पुसायचं नाही," वृंदाताई म्हणाल्या. "मी काठी घेते."

"सहा वर्षांपूर्वी का नाही घेतलीस? मी आणली होती. परत करायला लावलीस."

"तेव्हा हात होता."

"मग आता परत होईल. घंगाळं करणारे आळीत अजून चार जण आहेत. जिन्यात तुला धरणारा मी एकटा आहे."

"आणि दिवसभर काय करणार? माझा हात धरून बसणार? आठ दिवसांत दोघं भांडून मरू." त्यांनी पदराने नाक पुसले. "अकरा वर्षं त्या हाताचा ठोका ऐकतेय मी. पहिली दोन वर्षं पत्रा चुरगळायचा, तुम्ही वर येऊन जेवायचा नाहीत. ते परत मला नको."

करड्यांनी उजव्या हाताने माझ्या हातातला कागद घेतला आणि ते पेन शोधू लागले.

सही करणाऱ्यांपैकी कोणाला दिसत नसेल, तर पुसल्या जाणाऱ्या इमेजची यादी मोठ्याने वाचून दाखवावी, असा नियम आहे. मी तारखा वर्षांसह वाचल्या. वृंदाताईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला.

"परत वाचा."

मी परत वाचल्या.

"मधले दिवस मोजलेत का हो?"

"तीनशे चौऱ्याऐंशी, तीनशे चोपन्न, तीनशे त्र्याऐंशी."

"तीनशे चोपन्न म्हणजे आपलं साधं वर्ष की! आणि दुसरी दोन अधिक महिन्याची. तिथी एकच असणार ताई, चारही वेळची."

चांद्र वर्ष तीनशे चोपन्न दिवसांचे असते हे मला शाळेपासून माहीत आहे. मी त्या तारखा सहा वेगवेगळ्या तक्त्यांशी ताडल्या होत्या. त्यांत पंचांग नव्हते.

"गेल्या साली पंचवीस ऑक्टोबर म्हणजे..." वृंदाताई पुटपुटल्या. "दुसऱ्या दिवशी आपण सोनं वाटायला गेलो होतो. अहो, खंडेनवमी!"

मी करड्यांकडे वळले. "खंडेनवमीला हात कुठे असतो?"

"कुठे म्हणजे? पूजेत. सगळी अवजारं पाटावर मांडतो. हातोड्या, कात्री, हात. त्या दिवशी अवजार वापरायचं नसतं, मग तो दिवसभर तिथंच. दसऱ्याला चार्ज असावा म्हणून वायर लावून ठेवतो."

"तुम्ही म्हणाला होतात, कधीच काढून ठेवत नाही."

"पूजेला मांडणं म्हणजे काढून ठेवणं होय?" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटले होते.

"कसा मांडता? पालथा की उताणा?"

"उताणा. तळव्यावर नारळ."

"नारळ का?"

या प्रश्नाचे उत्तर वृंदाताईंनी दिले, आणि ते देताना त्यांना माझी थोडी कीव आली असावी. "अहो ताई, देवापुढे रिकामा हात ठेवतात का कुठं?"

समाधानकारक वाटणारे कारण खरे असतेच असे नाही. एका वाक्याने मी या घराचे एकदा नुकसान केले होते. म्हणून मी आधी एका चिठ्ठीवर अपेक्षित निकाल लिहिला, ती घडी करून करड्यांच्या खिशात ठेवली आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडून तीन नारळ वजन करून आणले: पाचशे वीस, पाचशे सत्तर आणि सहाशे साठ ग्रॅम. नारळ ठेवण्याचे काम वृंदाताईंनी मागून घेतले. करड्यांनी डोळे मिटले.

पहिला नारळ. "काही नाही."

दुसरा. "ठेव ना गं."

"ठेवलाय," वृंदाताई म्हणाल्या. अर्ध्या किलोहून जड नारळ उघड्या तळव्यावर बसला होता आणि तळव्याचा मालक वाट पाहत होता.

तिसरा. करड्यांच्या कपाळावर आठी आली. "हां. आहे काहीतरी. चिंचेचा गोळा ठेवलास का?"

"केवढा?" मी विचारले.

"असेल शंभर ग्रॅम. थोडा कमीच."

चिठ्ठी त्यांनी स्वतः उघडून वाचली: 'पहिले दोन जाणवणार नाहीत. तिसरा सुमारे पंच्याऐंशी ग्रॅमचा वाटेल.' त्यांनी ती पुन्हा घडी करून खिशात ठेवली. मी परत मागितली नाही.

मग बाकीचे तुकडे आपोआप जागेवर बसले. वापरातला हात आपले शून्य रोज थोडे थोडे सरकवत असतो. नारळाएवढी चूक त्याला दोन-तीन दिवसांत पुसता येते. "म्हणूनच दसऱ्याला मी ह्यांचा उजवा हात धरते," वृंदाताई म्हणाल्या. "दरवर्षी. डावा तेव्हा सुस्त असतो, हे मला ठाऊकच होतं." निरीक्षणकाळात मात्र आम्हीच हाताचे शिकणे बंद ठेवले होते. वर्षातले दोन-तीन दिवस आम्ही वीस दिवस लांबवले. पाचव्या दिवशी न लिहिलेले करड्यांचे वाक्य मी त्या दिवशी वहीत उतरवले आणि खाली दोन्ही तारखा घातल्या.

टिपणीसांनी फोनवर परवानगी दिली. लेखी कारण चोवीस तासांत. दहा वाजून चाळीस मिनिटांनी हात पूजेच्या त्याच पाटावर, उताणा, चार्जरला जोडून ठेवला.

"एखादं फूल तरी?" वृंदाताईंनी विचारले.

"काहीही नाही."

"अक्षता? एक दाणा?"

"एक दाणाही नाही."

"बरं बाई." त्या पाटापाशी बसून राहिल्या, बहुधा मी काही ठेवू नये म्हणून. करड्यांनी एका हाताने चहा केला आणि अर्धा सांडला. दुपारी त्यांनी विचारले, "मग पुढच्या खंडेनवमीला नारळ कुठं ठेवायचा?"

"तांब्यावर," वृंदाताई म्हणाल्या. "तांबटाच्या घरात तांब्या मिळेल ना एखादा?"

"आणि हात? रिकामा?"

"पालथा ठेवा," मी सुचवले. "पाठीवर संवेदक कमी आहेत. फूल तिथे चालेल."

चार वाजून चाळीस मिनिटांनी शून्य घेऊन झाले. अडतीसही आकडे एक ग्रॅमच्या आत होते. मी हात दंडाला बसवला आणि बाजूला झाले. वृंदाताईंनी चाचपडत आपला उजवा हात पुढे केला आणि मनगटापर्यंत त्या तळव्यावर ठेवला. बोटे मिटली.

करडे म्हणाले, "पट्टीची गाठ टोचतेय गं."

"सोळा दिवस झाले बांधून," त्या म्हणाल्या. "आज टोचली होय?"

गाठ त्यांनी सोडली नाही, हातही. मी पाटावर कागद ठेवून शेवटचा रकाना भरला.

'कारण: सहा तास स्थिर आणि चार्जरला जोडलेला हात रिकामा असतो, असे प्रणालीचे गृहीतक आहे. हा हात वर्षातून एकाच दिवशी, खंडेनवमीला, तेवढा वेळ स्थिर असतो. त्या दिवशी त्याच्या तळव्यावर नारळ असतो. नारळाचे वजन शून्य म्हणून नोंदले गेले आणि त्या शून्यासह इमेज साठवली गेली. इमेज आणि तिची पुनर्स्थापना, दोन्ही अचूक होत्या. वृंदा करडे यांचा हात नारळापेक्षा हलका आहे.'